पदवी नाही, पण अक्षर येतं

बारावीनंतर मी कॉलेजला गेलो नाही. कोल्हापुरात एका पेंटरकाकांच्या हाताखाली दुकानांच्या पाट्या रंगवायला लागलो. आज लोगो, पुस्तकांची शीर्षकं आणि पाट्या यांसाठी देवनागरी अक्षरं काढून माझं घर चालतं. या वाटेने येऊ पाहणारी मुलं पहिला प्रश्न डिग्रीचाच विचारतात. डिग्रीशिवाय चालतं. मात्र कॉलेजात जे आपसूक मिळतं, ते आपलं आपण उभं करावं लागतं. त्यात सगळ्यात अवघड म्हणजे आपली चूक दाखवणारा माणूस मिळवणं.

मला काका मिळाले. पहिले चार महिने त्यांनी ब्रश हातात दिला नाही. खडू लावलेली दोरी ताणून शिरोरेषा आखायची, ब्रश टर्पेंटाइनमध्ये धुवायचे, शिडी धरायची. मग एक दिवस जुन्या पत्र्यावर 'किराणा' लिहायला सांगितलं. बघून म्हणाले, "अक्षरं बरी आहेत रे, फटी बघ. 'रा' एकटा पडलाय." मी पट्टीने मोजून सारखं अंतर ठेवलं होतं. पण 'र'च्या पोटाखाली जागा रिकामी राहते, त्यामुळे डोळ्याला ते अंतर जास्तच दिसतं. हे समजायला मला तीन आठवडे लागले आणि आजही माझ्या कामाचा पाया तोच आहे.

फ्लेक्स आला आणि हाताच्या पाट्या झपाट्याने कमी झाल्या. तेव्हा मी जुना लॅपटॉप घेऊन इंकस्केप हे चित्रं-अक्षरं काढायचं सॉफ्टवेअर शिकलो. ते फुकट आहे. फाँट बनवायचा असेल तर फाँटफोर्जही फुकट आहे. पण सॉफ्टवेअर आधी शिकू नका. वर्षभर बोरूने आणि कट निबने, म्हणजे सपाट कापलेल्या टोकाने, लिहा, नाहीतर जाड-बारीक रेघ कुठून येते ते हाताला कळणार नाही.

मराठीचं काम करणाऱ्याला मराठी वळण यायलाच हवं. कितीतरी फाँटमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे येतात. शासनाने 2009 मध्ये वर्णमालेचा निर्णय काढून मराठीतली रूपं ठरवून दिली आहेत, तो निर्णय एकदा वाचा. 'दुसऱ्या', 'तऱ्हा' यांतला अर्धा 'ऱ' नीट जमतो का, तेही पाहा. मला पहिलं मोठं शीर्षक मिळालं ते मी वळणाची अशीच एक चूक दाखवून दिली म्हणून. 2022 मध्ये दुकानांच्या पाट्यांवर मराठी अक्षरं इतर लिपीपेक्षा लहान नसावीत असा कायदा झाला, त्यानंतर अशा कामाची विचारणाही वाढली.

पैशाबाबत मी ठेच खाऊन शिकलो. एका व्यावसायिकाला तोंडी बोलीवर लोगो दिला. पुढे तोच लोगो त्याच्या दुसऱ्या धंद्याच्या पाटीवर दिसला आणि माझ्या हातात एक चिठ्ठीसुद्धा नव्हती. कॉपीराइट कायद्याप्रमाणे हक्क दुसऱ्याच्या नावे करायचे तर ते लेखीच करावं लागतं, आणि मुदत लिहिली नसेल तर ती 5 वर्षं धरली जाते. म्हणून काम कशासाठी, किती काळ, किती दुरुस्त्या हे साध्या मराठीत एका पानावर लिहा, दोघांच्या सह्या घ्या, निम्मी रक्कम आधी मागा. मागताना जीभ अडखळते. तरी मागा.

काही दारं बंद राहतात, तेही सांगतो. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचं तर एटीडी, म्हणजे आर्ट टीचर डिप्लोमा, अशासारखी पात्रता लागते, तिथे नुसता हात चालत नाही. अजून शाळेत असाल तर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षा देऊनच बाहेर पडा. आणि घरच्यांना किमान दोन वर्षांचा हिशोब मांडून दाखवा. माझ्या आईला माझी अक्षरं आवडायची, पण तिचा जीव भांड्यात पडला तो महिन्याच्या जमाखर्चाची वही पाहून.

सुरुवात कुठून करायची? आपल्या गावातल्या जुन्या पेठेत जा. हाताने रंगवलेल्या पाट्यांचे फोटो काढा आणि रोज एक पाटी जशीच्या तशी उतरवा. शंभर झाल्या की त्यातल्या बऱ्या वाटतील त्या दहा घेऊन एखाद्या जुन्या पेंटरकडे जा. मी आजही नवं शीर्षक काढलं की काकांकडे नेतो. ते आधी कागद उलटा धरायला सांगतात, कारण उलटा धरला की शब्द वाचता येत नाही, फटी तेवढ्या दिसतात.