गिटारला नवी नेक (तारा दाबायची लांब मान) बसवल्यावर पहिली तार कडेवरून घसरत होती : माझा अनुभव

लक्षण असं : स्ट्रॅट धाटणीच्या (इलेक्ट्रिक) गिटारला 648 मिमी स्केलची (तारेच्या वाजत्या लांबीची) नवी नेक, आणि बाराव्या फ्रेटच्या (नेकवरच्या आडव्या धातूपट्टीच्या) पुढे पहिली तार बोटाखालून थेट बोर्डाबाहेर. नट (नेकच्या टोकाची खाचांची पट्टी) बदलला, सॅडल (ब्रिजवरचे तारांचे टेकू) सरकवले, नेक हाताने रेटून स्क्रू आवळले. दोन आठवडे डोकं फिरलं. दोष नेक बॉडीला जोडणाऱ्या स्क्रूंच्या चार भोकांत होता; ती तिरकी पडली होती.

आधी नेकची भोकं 6 मिमी रुंद, 18 मिमी खोल केली (बिटला चिकटपट्टीची खूण हवीच, नाहीतर बिट फ्रेटबोर्डात घुसतं). ती बुजवायला त्यात गोंद लावून कठीण लाकडाची दांडी ठोकली. बडोद्याच्या पावसाळी हवेत 48 तास वाळू द्या. मग बॉडीची भोकं 4.5 मिमी केली. स्क्रू तिथून बोटाने सहज सरकला पाहिजे; बॉडीत आटे धरले की नेक कधीच घट्ट बसत नाही.

आता नेक क्लॅम्पमध्ये धरून फक्त पहिली आणि सहावी तार सैलसर चढवा. शेवटच्या फ्रेटपाशी तारेपासून कडेपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं दिसेपर्यंत नेक हलवा, बॉडीच्या भोकांतूनच नेकवर खुणा करा, 3.2 मिमी बिटने भोकं पाडा, आट्यांना मेण लावून स्क्रू कोपऱ्याकोपऱ्याने आवळा.

खरेदीआधी ब्रिज (बॉडीवरचा तारांचा आधार) मोजा : पहिल्या ते सहाव्या तारेतलं अंतर जुन्या धाटणीत 56 मिमी, नव्यात बहुधा 52.5. नट 42 मिमीचा असेल तर मी 52.5च घेईन.