जुन्या वेगवान गोलंदाजाची कारकीर्द धावफलकावरून कशी वाचावी

सांगली हे विजय हजारे यांचे जन्मगाव असल्याने येथे क्रिकेटच्या इतिहासावर लिहिणारे आणि बोलणारे हौशी अभ्यासक अधूनमधून भेटतात. मात्र शंभर वर्षांपूर्वीच्या परदेशी गोलंदाजाचा विषय निघाला की बहुतेक जण सरासरीवर, म्हणजे एका बळीमागे दिलेल्या धावांवर, निकाल देऊन मोकळे होतात. अशी कारकीर्द नीट कशी मांडावी, हे ऑस्ट्रेलियाच्या अल्बर्ट ऊर्फ टिबी कॉटरच्या उदाहरणावरून पाहू.

आधी ठळक आकडे कागदावर उतरवावेत: 1904 ते 1912 या काळात 21 कसोटी, 89 बळी, सरासरी 28.64 आणि सुमारे 52 चेंडूंमागे एक बळी. त्यांच्या शेजारी त्या काळचे नियम लिहावेत. वाईड आणि नोबॉलच्या धावा तेव्हा गोलंदाजाच्या खात्यात धरल्या जात नसत, त्यामुळे आजच्या गोलंदाजाशी तुलना करताना, विशेषतः कॉटरसारख्या स्वैर मारा करणाऱ्याच्या बाबतीत, ही सरासरी प्रत्यक्षात आकड्याहून थोडी जास्त धरावी. उलट, ठरावीक टप्प्यावर नवा चेंडू मागण्याची मुभा 1907 मध्ये, तीही 200 धावांनंतर मिळाली. त्याआधी वेगवान गोलंदाजाला लांबलेल्या डावात जुन्याच चेंडूवर राबावे लागे.

यानंतर ‘सर्वोत्तम कामगिरी’ या रकान्याकडे संशयाने पाहावे. तेथे कॉटरच्या नावापुढे 148 धावांत 7 बळी अशी नोंद आढळते, कारण हा रकाना बळींची संख्या आधी पाहतो. ती कामगिरी 1905 मध्ये लंडनच्या ओव्हल मैदानावर झाली. इंग्लंडने त्या डावात 430 धावा केल्या, त्यांच्या फ्रायने शतक ठोकले आणि सामना अनिर्णित राहिला. 1904 मध्ये मेलबर्नला मात्र कॉटरने 40 धावांत 6 गडी बाद केले, इंग्लंडचा डाव 61 धावांत आटोपला आणि ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. येथे घाईने मेलबर्नला झुकते माप देऊ नये, कारण खेळपट्टीवर पाऊस पडून गेला होता आणि उरलेले चार बळी सहकारी नोबलने त्याहूनही स्वस्तात घेतले होते. ओव्हलवर तब्बल 40 षटके टाकून सात जणांना बाद करणे, माझ्या मते, अधिक कष्टाचे होते.

शैलीचे वर्णन समकालीनांच्या शब्दांतून घ्यावे, पण बेताने. कॉटरचा हात गोफणीसारखा बाजूने फिरे आणि त्याच्या चेंडूने स्टंप मोडल्याचे उल्लेख वारंवार येतात. मोडलेल्या स्टंपांची कीर्ती बळींपेक्षा लवकर पसरते, हेही ध्यानात ठेवावे.

कारकिर्दीत खंड दिसला की दुखापत गृहीत न धरता कारण शोधावे. 1912 च्या इंग्लंड दौऱ्यावर कॉटर गेला नाही, कारण व्यवस्थापक निवडण्याच्या खेळाडूंच्या हक्कावरून नियामक मंडळाशी वाद होऊन ट्रम्पर, हिल, आर्मस्ट्राँग, कार्टर, रॅन्सफर्ड आणि तो, अशा सहा जणांनी दौरा नाकारला होता.

शेवटी लष्करी नोंद जोडावी. पहिल्या महायुद्धात, 1915 मध्ये भरती झालेला कॉटर ऑस्ट्रेलियाच्या 12व्या लाइट हॉर्स या घोडेस्वार रेजिमेंटमध्ये जखमींना वाहून नेणारा स्ट्रेचरवाहक होता आणि 31 ऑक्टोबर 1917 रोजी पॅलेस्टाईनमधील बीरशेबा येथे मारला गेला. घरोघरी फौजी असलेल्या सातारा जिल्ह्यात या नोंदीला दाद हमखास मिळते. नेमके म्हणूनच ती गोलंदाजीच्या मूल्यमापनात मिसळू न देता स्वतंत्र परिच्छेदात ठेवावी.