वृद्धाश्रम निवडताना कोणते कागद बघायचे आणि तक्रार कुठे करायची (पुणे)

पाटीवर ‘शासनमान्य’ वाचलं की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. तिथे थांबू नका. कोणी मान्यता दिली आणि कशासाठी दिली, ते विचारा. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या 2007 च्या निर्वाह व कल्याण कायद्यात खासगी वृद्धाश्रमांना नोंदणी सक्तीची करणारं कलम नाही. 2019 मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ते होतं, पण त्याचा कायदा झाला नाही. त्यामुळे ‘मान्यता’ म्हणजे अनेकदा धर्मादाय आयुक्तांकडची न्यासाची (ट्रस्टची) नोंदणी, एवढंच निघतं. ती हिशेब आणि विश्वस्तांपुरती असते. रात्री आजींना कोण उठवतं, याच्याशी तिचा काही संबंध नाही.

म्हणून सुरुवात आपल्या माणसापासून करा. वडील चालते-फिरते आहेत, जेवण आणि सोबत हवी आहे, तर प्रश्न सोपा. पण अंथरुणाला खिळलेले असतील, नळीने अन्न जात असेल, लघवीसाठी नळी (कॅथेटर) असेल, तर तिथे शुश्रूषा चालते. आजारी किंवा अपंग झालेल्या माणसांना ठेवून उपचार आणि शुश्रूषा देणारी जागा 1949 च्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी कायद्यात येते. त्याचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असावं लागतं आणि त्याला मुदत असते. त्यावरचं नाव, पत्ता, खाटांची संख्या आणि मुदत वाचा, मग खोल्यांमधल्या खाटा मोजा. ‘आमच्याकडे डॉक्टर येतात’ हे उत्तर प्रमाणपत्राची जागा घेत नाही.

प्रमाणपत्राची खात्री करायची तर आधी पत्ता कोणाच्या हद्दीत येतो ते पाहा, लोक इथेच चुकतात. वाकडचा आश्रम पिंपरी-चिंचवड महापालिकेकडे, धायरीचा पुणे महापालिकेकडे. 2017 मध्ये 11 आणि 2021 मध्ये 23 गावं पुणे महापालिकेत आली, नंतर उरुळी देवाची आणि फुरसुंगी वगळली गेली. जुनी पाटी किंवा जुनं लेटरहेड पाहून अर्ज केला तर तो दोन कार्यालयांमध्ये फिरत राहतो.

तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर 150 शब्दांच्या आत, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका, अशा ‘का’ला उत्तर टाळता येतं. कागद मागा: या पत्त्यावर नोंदणी आहे का, किती खाटांची, कधीपर्यंत, शेवटची तपासणी कोणत्या तारखेला झाली, अहवालाची प्रत. आश्रम ठरवायची घाई असेल तर अर्ज आज टाका आणि पाहणी चालू ठेवा.

आगीचा मुद्दा हलक्यात घेऊ नका. सोसायटीतल्या बंगल्यात आश्रम सुरू केला तरी राष्ट्रीय इमारत संहितेत तो साध्या घरांत धरला जात नाही. वृद्धांची निवासगृहं संस्थात्मक इमारतींच्या सी-2 गटात आहेत. अग्निसुरक्षा यंत्रणा चालू असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, नमुना ब, दरवर्षी जानेवारी आणि जुलैत द्यावं लागतं. शेवटचं मागून घ्या. मग जिन्याजवळच्या आग विझवायच्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि मागचं दार कुलूपबंद आहे का, हे स्वतः पाहा. अंथरुणावरचा माणूस जिना उतरू शकत नाही, म्हणून त्याची खोली तळमजल्यावरच मागा.

स्मृतिभ्रंश असेल तर आणखी एक गोष्ट विचारावी लागते: हात बांधता का? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात साखळीने बांधायला पूर्ण बंदी आहे. तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तेव्हाच, आणि प्रभारी मानसोपचारतज्ज्ञाच्या परवानगीने, अटकाव करता येतो. त्याची नोंद ठेवून रुग्णाच्या प्रतिनिधीला 24 तासांत कळवायचं असतं. ‘पडू नयेत म्हणून थोडंसं बांधतो’ असं सहज सांगणाऱ्या ठिकाणी माणूस ठेवू नये.

कागदांनंतर रात्रीची वेळ. सांभाळणाऱ्या मावशी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोतून येतात की आश्रमाच्या पगारावर आहेत, रात्री दोन वाजता किती जणी जाग्या असतात, ते विचारा. मग खाटेला अडकवलेला कूस बदलण्याचा तक्ता हातात घ्या. बेडसोर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात. तक्त्यात दिवसभराच्या सगळ्या नोंदी एकाच पेनाने, एकाच अक्षरात आणि रात्रपाळीच्या सहीशिवाय असतील, तर तो संध्याकाळी एका बैठकीत भरलेला आहे. परवानगी घेऊन माकडहाड आणि टाचाही बघा, लालसरपणा तिथे आधी दिसतो.

करारात अनामत रक्कम किती दिवसांत परत, दरवाढ कधी, डायपर आणि औषधं वेगळी का, दवाखान्यात कोण नेणार, हे लिहून घ्या. प्रत्येक रकमेची पावती घ्या, रोख दिली तरी.

बिनसलंच, तर तक्रार योग्य दारात न्या. मारहाण किंवा उपासमार: 112. सल्ला आणि मदत: ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567. उपचारातला हलगर्जीपणा आणि विनानोंदणी शुश्रूषा: महापालिकेचा आरोग्य विभाग. न्यासाचे पैसे: धर्मादाय आयुक्त. अनामत अडकली तर जिल्हा ग्राहक आयोग, तेही कारण घडल्यापासून 2 वर्षांच्या आत; दिलेला मोबदला 5 लाखांपर्यंत असेल तर तिथे फी लागत नाही. प्रत्येक अर्जाची पोच घ्या आणि जखमांचे फोटो तारखेसह ठेवा, कारण तपासणीला माणूस येईपर्यंत चादर बदललेली असते.