चिंक्वे तेर्रेत वाइन प्यायला जाताय?

मी नाशिकची. द्राक्षबाग म्हटली की सपाट रान आणि मांडव एवढंच डोळ्यांपुढे येतं. चिंक्वे तेर्रे म्हणजे इटलीच्या लिगुरिया किनाऱ्यावरची पाच गावं. इथे मात्र बाग डोंगराच्या कड्याला चिकटलेली, आणि खाली थेट समुद्र.

मुक्काम जवळच्या ला स्पेत्सिया शहरात करा. तिथली लोकल पाचही गावांना थांबते. रेल्वेप्रवासासकटचं चिंक्वे तेर्रे कार्ड घ्या. पाचांपैकी कॉर्निलियाला स्टेशनपासून गावापर्यंत साधारण 380 पायऱ्या आहेत. गुडघे कुरकुरत असतील तर छोटी बस पकडा. मी हट्टाने चढले आणि वर जाऊन अर्धा तास नुसती बसले.

मानारोला या दुसऱ्या गावाहून वरच्या व्होलास्त्रा गावाला जाणारी वाट बागांमधूनच चढते. चांगले बूट घाला, चपला नकोत. वाटेत चुना-सिमेंटाशिवाय रचलेले दगडी बांध जवळून बघा. उतार इतका उभा की ट्रॅक्टरचं कामच नाही. द्राक्षाचे क्रेट एका रुळावरच्या चिमुकल्या गाडीतून येतात.

रोजची पांढरी वाइन बॉस्को, अल्बारोला, व्हेर्मेंतिनो या द्राक्षांची. माशांबरोबर तीच मागवा. पण खरी चव शाक्केत्रा या गोड वाइनची! त्यासाठी घड सावलीत सुकवतात, अगदी आपल्या तासगावच्या बेदाण्याच्या शेडसारखे, आणि नोव्हेंबरात त्यांचा रस काढतात. रंग मधासारखा, चव जर्दाळूची, शेवटी किंचित खारट. महाग असते, म्हणून आधी एक छोटा ग्लास घ्या, बाटलीचं नंतर बघू. सोबत जुनं चीज मागा. गोड बिस्किटं मला तरी जास्तच झाली.

ऑगस्ट टाळा. सप्टेंबरात तोडणी बघायला मिळते.