सान मारिनोच्या आघाड्यांचा अभ्यास: सुरुवात साठ ओळींच्या तक्त्याने

सान मारिनोचं राजकारण अभ्यासायला घेताना मतांची टक्केवारी बाजूला ठेवा आणि माणसं मोजा. इटलीने चहूबाजूंनी वेढलेल्या या 61 चौरस किलोमीटरच्या प्रजासत्ताकाच्या महापरिषदेत, म्हणजे संसदेत, जागा 60, बहुमत 31 चं. एकजण फुटला की सरकार डळमळतं.

प्रत्येक निवडणुकीसाठी साठ ओळींचा तक्ता करा. रकाने चार: सदस्य, कोणत्या यादीवर निवडून आला, सध्या कोणत्या गटात, गट बदलल्याची तारीख. दुसरा आणि तिसरा रकाना एकच धरला, तर 1957 कधीच उलगडत नाही.

1945 पासून कम्युनिस्ट आणि समाजवादी एकत्र सत्तेत होते. 1955 मध्ये त्यांच्या 35 जागा. 1957 मध्ये पाच समाजवादी बाहेर पडले आणि संख्या 30-30 झाली. सप्टेंबरमध्ये कम्युनिस्ट यादीवरचा एक अपक्षही गेला: विरोधक 31, डावे 29. 19 सप्टेंबरला नवे कॅप्टन रीजंट, म्हणजे राष्ट्रप्रमुख, निवडायचे होते. त्याआधीच डाव्यांनी राजीनाम्यांचा गठ्ठा पुढे केला. त्यात फुटलेल्यांचेही होते, कारण उमेदवारांच्या कोऱ्या राजीनाम्यांवर आधीच सह्या घेऊन ठेवल्या होत्या. निम्म्याहून जास्त जागा रिकाम्या झाल्या म्हणून परिषद बरखास्त झाली.

पुढचं समजायला कॅलेंडर हवं. कॅप्टन रीजंट दोन असतात, मुदत सहा महिने, बदल 1 एप्रिल आणि 1 ऑक्टोबरला. त्यामुळे 30 सप्टेंबरच्या मध्यरात्री जुन्यांची मुदत संपली आणि नवे निवडलेलेच नव्हते. नेमक्या त्या वेळी 31 जणांच्या गटाने सीमेलगत रोवेरेता इथल्या एका कारखान्यात हंगामी सरकार स्थापन केलं. इटलीने त्याला मान्यता दिली आणि 11 ऑक्टोबरला डाव्यांनी माघार घेतली.

नवख्यांची नेहमीची चूक म्हणजे कॅप्टन रीजंटना पंतप्रधान समजणं. ते राष्ट्रप्रमुख, कारभार राज्य काँग्रेस नावाचं मंत्रिमंडळ पाहतं. दुसरी चूक, डावे-उजवे गट कायमचे धरणं: 1986 मध्ये ख्रिश्चन डेमोक्रॅट आणि कम्युनिस्ट एकाच सरकारात बसले. एकूण मतांची तुलनाही जपून करा. स्त्रियांनी पहिल्यांदा मत दिलं 1964 मध्ये, त्यामुळे 1959 शी थेट तुलना फसते.

अलीकडच्या निवडणुकांत आधी नियम वाचा, मग निकाल. 2016 मध्ये पहिल्या फेरीत दुसरी आलेली आघाडी फेरमतदानात जिंकली आणि तिला 35 जागा मिळाल्या. 2019 च्या सार्वमतानंतर निकालानंतरही आघाडी जुळवता येऊ लागली.

वाचण्यापुरती इटालियन शिकाच. लुनिता हे तेव्हा इटलीतल्या कम्युनिस्टांचं मुखपत्र होतं, इल पोपोलो तिथल्या ख्रिश्चन डेमोक्रॅटांचं. दोन्हींचे सप्टेंबर-ऑक्टोबर 1957 चे अंक शेजारी ठेवा आणि रोवेरेतातल्या त्या 31 जणांना कोण काय म्हणतं, ते तारखेसह उतरवून घ्या.