थंडीत पद्मिनी जुळवताना उत्साह कसा टिकवला

नागपुरात घरी गाडी बांधायची तर हिवाळाच खरा. मे महिन्यात पारा 45च्या घरात जातो, पत्र्याच्या शेडखाली पाना हातात धरवत नाही. पण डिसेंबरात ऑफिसातून येईपर्यंत अंधार पडलेला असतो, गारठा असतो, आणि पूर्ण खोललेली प्रीमियर पद्मिनी समोर दिसली की मन खचतं.

उपाय सापडला तो कामाच्या क्रमात. पत्राकाम, पुट्टी, रंग ही लवकर न संपणारी कामं. शिवाय थंडीत प्रायमर सुकायलाही वेळ लागतो. ती बाजूला ठेवून 1089 सीसीचं इंजिन आधी घेतलं. व्हॉल्व्हला ग्राइंडिंग पेस्ट लावायची, घासायचं, पुसायचं. सीटवर, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडेवर, सगळीकडून सारखी करडी रिंग उमटली की तो व्हॉल्व्ह झाला. एका संध्याकाळी एकच. काम संपलेलं डोळ्यांना दिसणं फार मोलाचं असतं. उठण्याआधी दुसऱ्या दिवशीचा पाना आणि पार्ट ट्रेमध्ये काढून ठेवतो. शेडमध्ये जाऊन 'आज काय करू' असा विचार करावा लागला, की माणूस परत फिरतो.

संक्रांतीच्या सुमारास रेडिएटर जोडून इंजिन स्टँडवरच सुरू केलं. प्लगच्या वायरी सिलिंडर पेटण्याच्या 1-3-4-2 या क्रमाने लावल्या होत्या. चारही सिलिंडर एका लयीत बोलायला लागले, तशी आई तिळगुळाचा डबा घेऊनच बाहेर आली! त्यानंतर पाय आपोआप शेडकडे वळतात. आता होळीच्या आत वायरिंग उरकायचं आहे.