पोर्टचा दिवा हिरवा असला तरी अपलिंक तपासा

वेर्ण्याच्या औद्योगिक वसाहतीत असो की पणजीत, पावसाळ्यात वीज क्षणभर जाते-येते आणि बॅकअप नसलेला स्विच रीबूट होतो. अशा वेळी एक नेटवर्क कार्ड बाद झालं तरी दुसऱ्यावर काम चालावं म्हणून लिनक्स सर्व्हरची कार्डं एकत्र जोडतात, त्याला बाँडिंग म्हणतात. पण त्यातलं एमआयआय मॉनिटरिंग (लिंकची तपासणी) फक्त आपल्या केबलवर कॅरिअर, म्हणजे सिग्नल, आहे का, एवढंच पाहतं. स्विचपलीकडची अपलिंक, म्हणजे पुढच्या नेटवर्ककडे जाणारी जोडणी, तुटली तरी त्याच्या लेखी सगळं आलबेल! म्हणून अ‍ॅक्टिव्ह-बॅकअप बाँडला (एक कार्ड चालू, बाकीची राखीव) एआरपी मॉनिटरिंग लावा; ते ठरवून दिलेल्या पत्त्याला, म्हणजे टार्गेटला, विचारणा पाठवून उत्तर येतं का ते पाहतं. टार्गेट मात्र एकच नको. गेटवेसोबत (नेटवर्कबाहेर जायचा राउटर) कायम चालू असणारा आणखी एक पत्ता द्या, नाहीतर गेटवे देखभालीसाठी बंद केला की धडधाकट कार्डंही बाद ठरतात.

एलएसीपीच्या बाँडवर (यात स्विचशी बोलून सगळी कार्डं एकत्र वापरतात) एआरपी मॉनिटरिंग चालत नाही. तिथे एमआयआय १०० मिलिसेकंदांवर ठेवा आणि अपडिले (लिंक आल्यावर कार्ड वापरण्याआधीचा थांबा) नक्की द्या, कारण स्विच उठताना पोर्टचा दिवा आधी लागतो, ट्रॅफिक मागाहून सुरू होतं.

हे प्रत्येक सर्व्हरवर हाताने लिहू नका. बाँडचा मोड पाहून सेटिंग निवडणारा एकच अँसिबल रोल (सर्व्हर आपोआप सेट करणाऱ्या अँसिबल साधनातला सूचनांचा संच) करा आणि तो एका वेळी एकाच सर्व्हरवर चालवा. नंतर केबल उपटून नव्हे, अपलिंक बंद करून चाचणी घ्या.